मॅनेजमेंट सर्व्हर बदलताना डेटाबेस बंद करावा लागेल का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात एचपीचे दोन जुने ईव्हीए ८००० स्टोरेज अ‍ॅरे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी यंत्रे) आहेत, एक मुख्य कार्यालयात आणि एक डीआर केंद्रात (आपत्तीच्या वेळी वापरायच्या पर्यायी जागी), आणि दोघांमध्ये कंटिन्युअस अ‍ॅक्सेस या एचपीच्या सॉफ्टवेअरने रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची नक्कल, चालते. अ‍ॅरेचे व्यवस्थापन करणारे कमांड व्ह्यू हे सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या मॅनेजमेंट सर्व्हरवर आहे. मुख्य कार्यालयातला सर्व्हर हल्ली वारंवार बंद पडतो. अ‍ॅरेचा ताबा दुसऱ्या सर्व्हरकडे द्यायचा, तर डेटाबेस थांबवावा लागेल का?

उत्तर : थांबवावा लागणार नाही. ईव्हीएमध्ये डेटाची वाट मॅनेजमेंट सर्व्हरमधून जातच नाही. ती होस्टकडून (डेटा वापरणाऱ्या सर्व्हरकडून) फायबर चॅनेल या स्टोरेजच्या जाळ्यातल्या स्विचमार्गे थेट अ‍ॅरेमधल्या एचएसव्ही कंट्रोलरच्या जोडीपर्यंत जाते. त्यामुळे तुमचा सर्व्हर बंद पडलेला असतानाही लन (होस्टला दिसणाऱ्या डिस्क) वाचल्या-लिहिल्या जात होत्या. अडत होती ती फक्त नवी व्हीडिस्क (अ‍ॅरेमधली आभासी डिस्क) बनवणे, होस्टला ती दाखवणे आणि देखरेख ठेवणे ही कामे.

एका अ‍ॅरेचा ताबा मात्र एका वेळी एकाच मॅनेजमेंट सर्व्हरकडे असतो. बाकीच्यांना तो अ‍ॅरे यादीत दिसतो, पण त्यात बदल करता येत नाहीत. म्हणून डीआर केंद्रातल्या सर्व्हरवर कमांड व्ह्यू उघडून तो अ‍ॅरे निवडावा आणि व्यवस्थापनाच्या पर्यायांतून ताबा घ्यावा. जुना सर्व्हर आपोआप निष्क्रिय होतो. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. नव्या सर्व्हरचे एचबीए (फायबर चॅनेलला जोडणारी कार्डे) दोन्ही अ‍ॅरेंच्या कंट्रोलरबरोबर झोनमध्ये, म्हणजे स्विचवर एकमेकांना दिसणाऱ्या गटात, असले पाहिजेत; त्यावरची कमांड व्ह्यूची आवृत्ती तुमच्या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरशी जुळणारी असली पाहिजे; आणि अ‍ॅरेला पासवर्ड घातलेला असेल, तर तो हाताशी हवा. हा पासवर्ड विंडोजचा नव्हे, कंट्रोलरच्या पुढच्या बाजूच्या छोट्या पडद्यावर बटणे दाबून घातलेला असतो, आणि तो घालणारा माणूस बहुधा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. तो कुणालाच आठवत नसेल, तर त्याच पडद्यावरून काढून टाकता येतो. मात्र त्यासाठी कुणीतरी रॅकसमोर प्रत्यक्ष उभे राहावे लागते, म्हणून हे काम दुरून करण्याचा बेत नसावा.

तुमच्याकडे रेप्लिकेशन असल्यामुळे आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. डीआर ग्रुपमधले (एकत्र नक्कल होणाऱ्या व्हीडिस्कच्या गटातले) दोन्ही अ‍ॅरे एकाच मॅनेजमेंट सर्व्हरच्या ताब्यात ठेवावेत. एक इकडे आणि एक तिकडे असे झाले, तर डेटाची नक्कल होत राहील, पण फेलओव्हरच्या, म्हणजे काम दुसऱ्या अ‍ॅरेवर हलवण्याच्या, ऐन वेळी ग्रुप हाताळताना अडचण येईल. म्हणून ताबा घेताना दोन्ही अ‍ॅरेंचा, एकापाठोपाठ एक, घ्यावा.

एसएसएसयूच्या (अ‍ॅरेला लेखी आज्ञा देणाऱ्या एचपीच्या साधनाच्या) स्क्रिप्ट असतील, तर त्याही बदलाव्यात, कारण त्यांच्या पहिल्याच ओळींत मॅनेजमेंट सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो. एका ठिकाणी मी हे विसरलो होतो. रात्रीची स्नॅपशॉटची (त्या क्षणीच्या डेटाची प्रत घेणारी) स्क्रिप्ट जुन्याच सर्व्हरकडे जात राहिली आणि चार दिवसांनी एका टेबलाची जुनी प्रत मागितली गेली, तेव्हा ताजा स्नॅपशॉटच नव्हता. अपयशाचा निरोप लॉगमध्ये रोज उमटत होता, पण तो लॉग कुणी उघडला नव्हता.

जुना सर्व्हर दुरुस्त होऊन आला, तरी ताबा लगेच परत देऊ नये. त्याला राखीव ठेवावे आणि सध्या ताबा कोणाकडे आहे, याची चिठ्ठी दोन्ही रॅकवर डकवावी.