सेटवर अंगात वारं भरलेल्या विनोदी नटाबरोबर काम करणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की पडद्यावर एवढी धमाल करणारा विनोदी नट सेटवरही दिवसभर तसाच असतो का, आणि सोबत काम करणाऱ्यांना मजा येते की डोक्याला ताप होतो. मी फोकस पुलर आहे. नट पुढेमागे सरकला की लेन्सचा फोकस त्याच्याबरोबर सरकवायचा, हे माझं काम. त्यामुळे विनोदी नटांच्या अगदी जवळ उभं राहायला मिळालं. त्यातल्या एकाबद्दल लिहितो. नाव देत नाही, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो.

दिवसभर तसाच असतो का? दादा तरी नव्हते. वाईजवळ मेणवलीला शूटिंग होतं, एप्रिलचं ऊन. सकाळी सातच्या शिफ्टला आले की मेकअप करून घ्यायचे आणि घाटाच्या पायऱ्यांवर सावली बघून बसायचे. हातात चहा, मांडीवर संवादांचे कागद. लायटिंग चालू असताना कुणी म्हणालंच, "दादा, एखादा किस्सा होऊन जाऊ दे," तर नुसते हसायचे. आमच्यातल्या नव्या पोरांना वाटलं, माणूस आखडू आहे. पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटलं.

तालमीतही ते सगळं सपाट आवाजात म्हणायचे. इथून निघतो, इथे वळतो, इथे थांबतो, बस. मी टेपने अंतर मोजायचो, जमिनीवर मार्क लावायचो. मग क्लॅप पडला, 'ॲक्शन' ऐकू आलं की हाच माणूस दावं तोडलेल्या वासरासारखा ओसरीवरून सुटायचा. डोळे, भुवया, मान, गुडघे, सगळं एकदम बोलायला लागायचं. 'कट' झाला की पुन्हा पायऱ्यांवर. साठीच्या जवळ आलेला माणूस, दिवसाला वीस-पंचवीस टेक, आणि प्रत्येक टेकमध्ये जीव ओतायचा. किस्से सांगत बसले असते तर संध्याकाळच्या सीनला त्यांच्यात काय उरलं असतं?

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो, कारण या माणसाची खरी ओळख मला तिथेच झाली.

सावकाराला चुकवत दादा वाड्यात लपतात आणि अचानक तोच समोर येतो, असा सीन होता. 85 मिलीमीटरची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) 2.8 वर, नट आठ फुटांवर. एवढ्या अंतरावर या लेन्सला जेमतेम चार-पाच इंचांची जागा फोकसमध्ये मिळते. डोळे शार्प असले तर कानाची कडा पुसट होते. दोन टेक ठरल्याप्रमाणे झाले. तिसऱ्याला दादा मार्कवर थांबलेच नाहीत, झपकन दोन फूट पुढे येऊन लेन्ससमोर तोंड आणून गोठले. इतकं अनपेक्षित होतं की 'कट' म्हणताच अख्खं युनिट फुटलं. दिग्दर्शकांनी 'ओके' म्हणून हात वर केला. आणि मला माहीत होतं की शेवटचे दोन सेकंद माझ्या हातून गेले आहेत.

मी म्हणालो, "सर, सॉफ्ट होता." म्हणजे फोकस सुटला होता.

हसणं थांबलं. त्या शांततेत उभं राहणं काय असतं, हे फोकस पुलरलाच कळेल. दिग्दर्शकांचा चेहरा उतरला. दादा मात्र सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी विचारलं, "तुला आधी किती कळायला हवं?" मी म्हणालो, "अर्धा सेकंद मिळाला तरी पुरे, दादा." ते क्षणभर थांबले, जागच्या जागी तीच झेप दोनदा घेऊन बघितली आणि म्हणाले, "पुढे येताना माझा डावा खांदा आधी पडतो. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. खांद्याकडे बघ."

चौथ्या टेकला खांदा पडला आणि माझा हात त्याच क्षणी फिरला. फोकस मिळाला. झेप तशीच घेतली, पण ओळ बदलून. नंतर म्हणाले, तीच ओळ परत घेतली असती तर शिळी झाली असती. समोरून वावटळ वाटणाऱ्या माणसाला आपल्या कुठल्या स्नायूनंतर कुठला हलतो हे पाठ होतं. त्यानंतरचे सगळे दिवस मी त्या खांद्यावर काम केलं.

डोक्याला ताप होतो का? होतो, आणि सर्वात जास्त होतो सहकलाकारांना. नाटकवाले ज्याला 'ॲडिशन घेणं' म्हणतात, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं ऐन वेळी टाकणं, ते दादांच्या रक्तातच होतं. त्यांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या बाई साताऱ्याच्या हौशी रंगभूमीवरून आल्या होत्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. दादा मध्येच काहीतरी नवं बोलायचे, बाईंचा क्यू, म्हणजे आपलं वाक्य कधी बोलायचं याची खूण, हरवायचा आणि त्या गप्प उभ्या राहायच्या. दुसऱ्या दिवशी बाईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, "तुम्ही मध्ये काय हवं ते बोला दादा, पण शेवटचं वाक्य कागदावरचंच द्या." दादांनी कान पकडले. त्यानंतर त्यांनी कितीही फाटे फोडले तरी शेवटचं वाक्य जसंच्या तसं यायचं, आणि बाई इतक्या कोरड्या चेहऱ्याने उत्तर द्यायच्या की हशा त्यांनाच मिळायचा. अशा जोडीत स्थिर उभं राहणाऱ्याचं काम लोकांना दिसत नाही. मला विचाराल तर ते जास्त अवघड.

दिग्दर्शकांनी मग दुसरा कॅमेरा मागवला आणि तो बाईंवर लावला. 1993 च्या 'मिसेस डाउटफायर'मध्ये रॉबिन विल्यम्ससाठी ख्रिस कोलंबस यांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले होते, त्यामागचं कारणही हेच. पुढे काय बोललं जाणार हे समोरच्या नटाला माहीत नसतं, त्यामुळे त्याची पहिली प्रतिक्रिया एकदाच मिळते. फिल्मच्या काळात ही चैन महाग होती. कॅमेऱ्यावर चढवायचं 35 मिलीमीटर फिल्मचं 400 फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा) साडेचार मिनिटांच्या आत संपायचं, त्यात ॲडिशनला किती जागा मिळणार?

अजून एक गोष्ट, जी बाहेरून लक्षात येत नाही. आपल्याकडचे मोठे विनोदी नट बहुतेक रंगमंचावर घडले. दादा कोंडके सेवादलाच्या कलापथकातून आणि 'विच्छा माझी पुरी करा'मधून आले, लक्ष्मीकांत बेर्डे 'टुरटुर'सारख्या नाटकातून. तिथे प्रेक्षकांचा हशा नटाला सांगतो की आता थांब, आता पुढे जा. सेटवर तो हशा नसतो. पूर्वी बहुतेक चित्रपटांचे संवाद नंतर डब व्हायचे, त्यामुळे कॅमेऱ्यामागे कुणी खुसखुसलं तरी टेक वाया जात नसे. आता सिंक साउंड असतो, म्हणजे संवाद सेटवरच रेकॉर्ड होतात. चाळीस-पन्नास माणसं ओठ आवळून उभी असतात आणि त्या शांततेत नटाने स्वतःच्या अंदाजावर विनोद करायचा. म्हणून 'झपाटलेला' बघताना मी आजही थक्क होतो. समोर रामदास पाध्ये यांचा बाहुला, त्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि त्या निर्जीव तोंडाकडे बघून लक्ष्मीकांत बेर्डे असे घाबरतात की बाहुला जिवंत होतो.

शेवटच्या आठवड्यात नाइट शिफ्ट होती. पहाटे तीनला आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाचा क्लोज-अप राहिला होता. आजोबांच्या, म्हणजे दादांच्या, नकलेवर त्याने हसायचं होतं, आणि पोरगं झोपेने पार कोमेजलं होतं. दादांचं काम संपलं होतं, गाडी तयार होती. बहुतेक ठिकाणी अशा वेळी असिस्टंट कोरडेपणाने ओळी वाचतो आणि मूल खोटं हसतं. दादांनी शाल काढून ठेवली, कॅमेऱ्याच्या बाजूला एक ॲपल बॉक्स (सेटवरची लाकडी पेटी) मागवला आणि मुलाच्या नजरेच्या उंचीवर बसले.

सहा टेक झाले. सहाही वेळा वेगळी नक्कल: शिंकणारा बैल, दात हरवलेले गुरुजी, फुटकं हार्मोनियम. मुलगा खिदळत होता, माझा फोकस त्याच्या डोळ्यांवर होता. दादा माझ्या डाव्या हाताला, फ्रेमच्या बाहेर, घामाने चिंब. कॅमेरा त्यांच्यावर नव्हता, तरी प्रत्येक नकलेआधी त्यांचा डावा खांदा पडताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता.