पोर्टलवर सगळं दिसतं, मग सीए कागदांसाठी एवढे का चिडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "पॅन-आधार जोडलेलं आहे, आयकराच्या पोर्टलवर माहिती आपोआप भरून येते, सरकारला माझं सगळं ठाऊक आहे. तरी आमचे सीए दर जुलैला कागदांसाठी मागे लागतात आणि एखादा राहिला की चिडतात. एवढं चिडण्यासारखं त्यात काय आहे?" तुम्ही पुण्यात नोकरी करता, यंदा कंपनी बदलली आणि थोडे म्युच्युअल फंड आहेत, असंही लिहिलंय. मी नारायण पेठेत प्रॅक्टिस करते. हा प्रश्न क्लायंट तोंडावर विचारत नाहीत, पण मनात असतो हे कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पोर्टलबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं पोर्टलवरचं पत्रक, आलं आणि आमचं काम खरोखर हलकं झालं. बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि फंडांची विक्री, सगळं एका जागी दिसू लागलं. पण तिथे रक्कम दिसते, ती कशाची हे दिसत नाही. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, की बँक आयकर खात्याला कळवते. ती रोख आली कुठून हे बँकेला माहीत नसतं. तीस लाख आणि त्यावरच्या मालमत्तेचा व्यवहार निबंधक कार्यालयाकडून जातो. ते घर मुळात कितीला घेतलं होतं, हे त्या नोंदीत नसतं. जॉइंट एफडीचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर चढतं, मग पैसे आईचे असोत नाहीतर मुलाचे. कर किती बसणार हे या न दिसणाऱ्या अर्ध्या भागावर ठरतं, आणि आम्ही मागतो तो कागद त्या अर्ध्या भागाचा असतो.

मार्केट यार्डाच्या बाजूला किरकोळ दुकान चालवणारे एक दादा आमच्याकडे येतात. माणूस सरळ, एक रुपया लपवायची वृत्ती नाही. पण दुकानाचा आणि घरचा क्यूआर कोड एकच, खातंही एकच. वर्षाचं स्टेटमेंट काढलं की पानंच्या पानं यूपीआयच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत नाव अर्धवट तुटलेलं. आमच्याकडे आर्टिकलशिप करणारा मुलगा समोर बसून एकेक मोठी रक्कम वाचतो: "दादा, चौदा ऑक्टोबर, साठ हजार जमा." दादा डोळे मिटून आठवतात. "ती भिशी लागली होती." पुढची. "ते मेव्हण्याने परत दिले." त्याच्या पुढची. "हे... थांबा, दिवाळीच्या आधी ना? मग तो माल घेतलेला असणार." "दादा, जमा झालेत, गेलेले नाहीत." आणि मग दोघंही गप्प.

ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती आम्ही तात्पुरती सस्पेन्समध्ये, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, टाकतो. पण रिटर्न भरताना सस्पेन्स शून्यावर आणावं लागतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. भिशीची रक्कम विक्रीत धरली, तर जी कमाई झालीच नाही तिच्यावर दादा कर भरणार. सोडून दिली आणि उद्या विचारणा झाली, तर ती भिशीच होती हे दाखवायला भिशीची वही हवी. जमा रकमेचं समाधानकारक स्पष्टीकरण देता आलं नाही, तर २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी तिच्यावर साठ टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर, असा मिळून ७८ टक्क्यांचा बोजा बसतो. साठ हजारांतले जवळजवळ सत्तेचाळीस हजार जातात, वर दंडाची टांगती तलवार. माणूस प्रामाणिक असताना हे होऊ शकतं, म्हणून जीव तुटतो. ती चिडचिड वाटत असेल, पण बहुतेक वेळा तिच्या खाली काळजी असते.

कागद अस्ताव्यस्त असणं म्हणजे पिशवीतला ढीग, असा समज आहे. ढिगाचं मला फारसं काही वाटत नाही. जुलैच्या पावसात लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीवर घडी घातलेले कागद घेऊन येतात, ते पसरून लावायला एक दुपार जाते, पण काम होतं. खरी पंचाईत होते ती कागद भरपूर असतात आणि हवा तोच नसतो तेव्हा.

कोथरूडच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. काकूंच्या नावावरचा १९९३ सालचा फ्लॅट त्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये ८२ लाखांना विकला. व्यवहार सगळे काका बघायचे, ते आता नाहीत. काकू आल्या त्या दोन जाडजूड फायली घेऊन. वीजबिलं वर्षवार, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या दोऱ्याने बांधलेल्या, महापालिकेच्या मिळकतकराच्या पावत्या एकीवर एक. इतकं नीट ठेवलेलं दफ्तर माझ्याकडे क्वचित येतं. आणि त्यात खरेदीखत नव्हतं.

खरेदीखत का हवं? फ्लॅट १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेला असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. ते नोंदणीकृत मूल्यांकक काढून देतो आणि ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मूल्यांककाला क्षेत्रफळ लागतं, आम्हाला खरेदीची तारीख लागते, आणि दोन्ही खरेदीखतात असतं. वीजबिलांच्या गठ्ठ्यातून यातलं काही सिद्ध होत नाही.

आता हिशेब पाहा. खरेदीची किंमत दाखवताच आली नाही, तर पूर्ण ८२ लाख हा नफा धरून १२.५ टक्क्यांनी सव्वादहा लाख कर. २००१ चं मूल्य १२ लाख निघालं असं धरू. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने, म्हणजे महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, मोजायची मुभा आहे, आणि दोन्हींतला कमी कर लागू होतो. २००१ चा निर्देशांक १०० धरला तर २०२४-२५ चा ३६३ आहे, त्यामुळे १२ लाखांचे ४३ लाख ५६ हजार होतात. उरलेल्या ३८ लाख ४४ हजारांवर २० टक्के म्हणजे सात लाख ६९ हजारांच्या आसपास. उपकर दोन्हीकडे यावर आणखी. एका कागदामुळे अडीच लाखांचा फरक पडतो, आणि त्या वयाच्या बाईंसाठी ती रक्कम लहान नाही.

एआयएसमध्ये काय दिसत होतं? ८२ लाखांची विक्री आणि खरेदीदाराने कापलेला एक टक्का टीडीएस. बस. खरेदीखत कुठे होतं ते शोधता शोधता कळलं की काकांनी घेतलेलं गृहकर्ज केव्हाच फिटलं होतं, पण विकताना मूळ कागद बँकेतून सोडवले होते ते थेट खरेदीदाराच्या वकिलाकडे गेले आणि घरात झेरॉक्ससुद्धा उरली नाही. शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली. त्यासाठी दस्त क्रमांक हवा, तो सोसायटीच्या जुन्या फायलीत सापडला. हे सगळं ऐन सीझनमध्ये. काकू दर फोनला "तुम्हाला फार त्रास देतेय हो" म्हणायच्या. त्यांच्यावर कोण चिडणार! राग येतो तो विक्रीच्या वेळी त्यांच्याभोवती असलेल्या सगळ्या जाणत्या माणसांचा, ज्यांच्यापैकी एकालाही "काकू, याची एक प्रत ठेवा" म्हणावंसं वाटलं नाही.

बाकीच्या रोजच्या कटकटी पटकन सांगते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, ज्यात पॉलिसी नंबरच कापला गेलाय. पासवर्ड लावलेली पीडीएफ, पासवर्डशिवाय. गृहकर्जाचं जानेवारीतलं अंदाजी व्याज प्रमाणपत्र, जेव्हा वर्ष संपल्यानंतरचं अंतिम हवं असतं. शाळेच्या फीची पावती, ज्यात ट्यूशन फी वेगळी दाखवलेली नाही, आणि वजावट फक्त तेवढ्याचीच मिळते. घरमालकाचं पॅन, जे वर्षाला एक लाखावर भाडं असेल तर लागतंच, आणि मालक द्यायला तयार नसतो. जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना २०२५ पासून तर रिटर्नमध्येच पॉलिसी नंबर, कर्ज खातं क्रमांक असले तपशील भरावे लागतात, त्यामुळे "अंदाजे टाका हो" हे आता चालत नाही. चालायलाही नको. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर त्याच वर्षीच्या जुलैत देशभर तपासण्या झाल्या.

सगळ्यांत जास्त थकवणारं वाक्य मात्र रिटर्न भरून झाल्यावर येतं: "मॅडम, अजून एक खातं होतं, सांगायचं राहिलं." मग सुधारित रिटर्न, नवा हिशेब, नवी पडताळणी. त्या खात्यात व्याज दोन हजारांचं असतं, पण काम पहिल्यापासून करावं लागतं. आणि हे आमच्याकडे एकाच माणसाचं नसतं. पगारदारांची मुदत ३१ जुलै, आणि शेवटच्या आठवड्यात बरीच घरं एकदम जागी होतात. २०२५ ला मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, तेव्हा वाटलं होतं श्रावण निवांत जाईल. प्रत्यक्षात लोकांनी कागद गणपतीनंतर आणले. विसर्जन सहा तारखेला, म्हणजे हातात उरले नऊ दिवस, आणि पोर्टल रखडत होतं. शेवटी एक दिवस अजून वाढवून दिला. त्या दिवसांत आमच्या ऑफिसातली मुलं ज्या आवाजात फोनवर बोलली असतील त्याबद्दल मी त्यांना बोलले नाही. कागद एप्रिलपासून मागत होतो.

नवी फाइल आणा, रंगीत खुणा लावा, असं मी क्लायंटना कधी सांगत नाही. वर्षात काय काय घडलं ते सांगा, एवढंच मागते. घर घेतलं, विकलं, भाड्याने दिलं, कोणाकडून मोठी रक्कम आली, कोणाला दिली, एफडी मोडली, फंड बदलले, परदेशी कंपनीचे शेअर मिळाले, घरात कोणी गेलं आणि त्यांचे पैसे तुमच्या नावावर आले. साध्या वहीच्या पानावर, मराठीत, तारीख आठवेल तशी. हे पान हातात असेल तर कुठला कागद मागायचा ते आम्हाला कळतं, आणि एकदाच मागता येतं. तुमचे सीए तेच ते परत विचारतात याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की घडलेली गोष्ट त्यांना तुकड्यातुकड्याने कळते.

आता तुमच्यापुरतं. कंपनी बदलली आहे, म्हणजे फॉर्म १६ दोन येतील. आधीच्या पगाराची माहिती तुम्ही नव्या कंपनीला दिली नसेल, तर स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) आणि कमी दराच्या स्लॅबचा फायदा दोन्हीकडे धरला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही पगार एकत्र केल्यावर कर कमी कापला गेलाय हे निघतं आणि वर व्याज लागतं. लोक त्या वेळी सीएंना विचारतात की तुम्ही कर वाढवला कसा. तेव्हा जुन्या कंपनीचं पोर्टल चालू आहे तोवर पगाराच्या स्लिपा उतरवून घ्या, लॉगिन बंद झालं की एचआरच्या मेलची वाट बघत बसावं लागतं. फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे जुन्या कंपनीला तुमचा खासगी ईमेल आत्ताच कळवून ठेवा. फंडांत एका योजनेतून दुसरीत स्विच केलं असेल, तर पैसे हातात आले नसले तरी ती विक्रीच आहे, तेही सीएंना सांगा आणि सगळ्या फंडांचं एकत्रित कॅपिटल गेन स्टेटमेंट द्या. जुनं सॅलरी खातं अजून बंद केलं नसेल तर त्यातलं व्याजही धरायचं आहे. ते खातं आधी सांगा.