तुमचे प्रश्न, आमची बडबड: राण्यांचे कपडे स्पेशल

मागच्या अंकात युरोपातल्या राजघराण्यातल्या बायकांच्या फॅशनवर दोन पानं काय छापली, तेव्हापासून पत्रं आणि मेसेज थांबतच नाहीयेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जी वाचून मला बोलल्याशिवाय राहवलं नाही तेवढीच घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, केट मिडलटनने जुना ड्रेस परत घातला की लगेच हेडलाइन! आम्ही रोजच जुने कपडे घालतो, आमचं कोणी कौतुक करत नाही. यात एवढं काय आहे?

अगं, हसू आलं तुझं वाचून, कारण मलाही नेमकं हेच वाटतं. म्हणजे रिपीट करणं चांगलंच आहे, पण त्याला त्याग वगैरे म्हणायची गरज नाही. तिचा जुना ड्रेस म्हणजे काय, तर अलेक्झांडर मॅक्वीनचा गाऊन, जो २०१२ मध्ये मलेशियाच्या दौऱ्यात घातला होता आणि २०२० च्या बाफ्टाला, म्हणजे ब्रिटनच्या फिल्म अवॉर्ड्सना, परत काढला. मग २०२३ च्या बाफ्टाला २०१९ चाच पांढरा गाऊन आला, फक्त खांद्यावरची फुलं काढून तिथे लांब झुळझुळीत कापड लावलं आणि हातात कोपरापर्यंतचे काळे ग्लोव्ह्ज, आणि त्या ग्लोव्ह्जनी सगळा खेळ बदलला बघ, मला तर पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळचाच जास्त आवडला. मला इंटरेस्टिंग वाटतं ते हे, जुन्याचं नवीन कसं केलं ते. नुसतं "रिपीट केला, वा वा" यात काही नाही.

आणि खरी रिपीटची राणी हवी असेल तर प्रिन्सेस अ‍ॅन. १९८१ मध्ये भावाच्या, म्हणजे चार्ल्सच्या लग्नात घातलेला फुलाफुलांचा ड्रेस तिने २००८ मध्ये घरातल्याच दुसऱ्या एका लग्नात घातला, सत्तावीस वर्षांनी, आणि तो बसला पण तिला! तेव्हा सस्टेनेबल हा शब्द एवढा कोणाच्या तोंडी नव्हता, तिला बहुतेक फक्त खरेदीचा कंटाळा असावा. स्पेनची राणी लेटिझिया सासूबाईंचे, म्हणजे राणी सोफियाचे जुने ड्रेस घालते, स्वीडनची व्हिक्टोरिया आईचे घालते. प्रिन्सेस बिअ‍ॅट्रिसने तर २०२० मध्ये लग्नालाच आजीचा गाऊन घातला. क्वीन एलिझाबेथने साठच्या दशकात घातलेला, डिझायनर नॉर्मन हार्टनेलचा, त्याला फक्त ऑर्गेंझाच्या बाह्या जोडल्या. आत्तापर्यंतच्या रॉयल लग्नांमधला माझा सगळ्यात आवडता ब्रायडल ड्रेस तोच.

केटने एकदा भाड्याचा ड्रेसही घातलाय हं, २०२२ मध्ये बॉस्टनला अर्थशॉट प्राइझच्या वेळी, तो पोपटी हिरवा. पर्यावरणाचा कार्यक्रम आणि भाड्याचा ड्रेस, हे मात्र डोकं लावून केलेलं काम.

प्रश्न: पोपला भेटताना स्पेनची राणी पांढऱ्या कपड्यात आणि इंग्लंडची कमिला काळ्या कपड्यात. हा भेदभाव का? मुलीशी पैज लागली आहे, कृपया लवकर उत्तर द्या.

काकू, पैज कोणी काय लावली ते लिहिलंच नाहीत! तर नियम असा की व्हॅटिकनमध्ये पोपना औपचारिक भेटताना बायकांनी काळा, लांब बाह्यांचा पोशाख घालायचा, डोक्यावर काळी लेस. पण कॅथलिक राजघराण्यांतल्या मोजक्या बायकांना पांढरं घालायची मुभा आहे, याला फ्रेंचमध्ये प्रिव्हिलेज द्यु ब्लां म्हणतात. यात स्पेन आणि बेल्जियमच्या राण्या, लक्झेंबर्गची ग्रँड डचेस आणि मोनॅकोची प्रिन्सेस शार्लीन, ती सगळ्यात अलीकडची, २०१३ पासून.

आता गंमत बघा, नेदरलँड्सची मॅक्सिमा मूळची अर्जेंटिनाची, स्वतः पक्की कॅथलिक, पण सासर प्रोटेस्टंट, त्यामुळे २०१७ मध्ये पोप फ्रान्सिसना भेटायला गेली ती काळी लेस घालूनच. म्हणजे हक्क बाईच्या धर्माचा नाही, घराण्याचा. कमिलाचं तर सगळंच अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, कॅथलिक नाही, त्यामुळे २०२५ मध्ये पोप लिओंना भेटताना ती काळ्यातच होती. लेटिझियासुद्धा एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीला काळ्यातच होती, कारण शोकाच्या वेळी ती मुभा नसते, आणि पुढच्याच महिन्यात लिओंच्या पदग्रहणाला पांढऱ्यात.

फक्त क्वीन एलिझाबेथ २०१४ मध्ये फिकट जांभळा कोट आणि हॅट घालून गेली होती, भेट अनौपचारिक होती म्हणून चाललं. ८७ वर्षांच्या बाईला कोण सांगणार म्हणा, की परत जा आणि बदलून ये.

प्रश्न: एलिझाबेथ राणी इतके भडक रंग का घालायची? त्या वयाला शोभतात का?

शोभतात की! उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, समोर हजारोंची गर्दी, आणि मागच्या रांगेतला माणूस तासन्‌तास उभा राहिलेला असतो, त्याला निदान हॅट तरी दिसली पाहिजे ना. २०१६ मध्ये नव्वदीच्या सोहळ्याला तिने घातलेला तो निऑन हिरवा आठवतोय? बाल्कनीत बाकीचे सगळे असून नजर तिच्यावरच. पाऊस आला तर छत्री पारदर्शक, म्हणजे चेहरा झाकला जात नाही, आणि छत्रीची किनार कपड्यांना मॅचिंग. वाऱ्याने स्कर्ट उडू नये म्हणून खालच्या शिवणीत छोटी वजनं. यात वयाचा काय संबंध, हे कामाचे कपडे आहेत.

प्रश्न: डायनाचा लग्नातला ड्रेस मला कधीच आवडला नाही. चर्चच्या दारात उतरली तेव्हा सगळा चुरगळलेला. एवढे नोकरचाकर आणि इस्त्री नाही?

अहो इस्त्री होती, बग्गी छोटी पडली! सिल्क टॅफेटा, त्याला २५ फुटांची ट्रेन, म्हणजे मागे जमिनीवर लोळणारं कापड, आणि हे सगळं गुंडाळून काचेच्या बग्गीत बसवायचं, वर शेजारी वडील, तेही चांगले उंचेपुरे. टॅफेटा म्हणजे मुळातच हट्टी कापड, एकदा घडी पडली की पडली. डिझायनर जोडपं, डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल, तेव्हा अगदी तरुण होतं. फुगे बाह्या आज बघताना जरा जास्तच वाटतात हे मान्य, पण १९८१ सालच्या ड्रेसला आजच्या डोळ्याने मार्क देऊ नका ना. मला डायना आवडते ती नंतरची, जून १९९४ मधली, तो काळा खांदे उघडे असलेला छोटा ड्रेस, ज्या रात्री चार्ल्सने टीव्हीवर आपण एकनिष्ठ राहिलो नाही हे कबूल केलं. तिला एक शब्द बोलायची गरज पडली नाही.

प्रश्न: टियारा आणि हॅट, कधी काय? थोडक्यात सांगा.

थोडक्यात, दिवसा हॅट, संध्याकाळी सहानंतर टियारा, म्हणजे तो छोटा मुकुट. ब्रिटनमध्ये टियारा लग्नाच्या दिवसापासून पुढे, पण हा काही सगळ्या युरोपचा नियम नाही. २०२२ मध्ये ऑस्लोला नॉर्वेच्या इन्ग्रिड अलेक्झांड्राच्या अठराव्या वाढदिवसाच्या गालाला नेदरलँड्सची अमालिया आणि बेल्जियमची एलिझाबेथ, दोघी अविवाहित राजकन्या, दोघींच्या डोक्यावर टियारा. आणि २०११ मध्ये विल्यमच्या लग्नात बिअ‍ॅट्रिसने घातलेली ती फिलिप ट्रेसीची वेटोळ्यांची हॅट, जिच्यावर जग हसलं, ती तिने ईबेवर लिलावात काढली आणि ८१ हजार पौंडांहून जास्त मिळवून मुलांच्या संस्थांना दिले. हसणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला तरी सुचलं नसतं.

प्रश्न: ताई, राग मानू नका, पण हे सगळं बिनकामाचं नाही का? बायका काय करतात, काय बोलतात ते सोडून त्यांचे कपडे बघायचे. पुरुषांच्या सुटावर कोणी पान खर्च करत नाही.

राग कशाला दादा, प्रश्न एकदम रास्त आहे. पण मला काय वाटतं सांगू का, या बायकांना राजकारणावर तोंड उघडायची परवानगीच नाही, मग जे बोलायचं ते कपड्यांतूनच बोललं जातं आणि ते मुद्दाम ठरवून केलेलं असतं. २०११ ची एलिझाबेथची आयर्लंड भेट घ्या, आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर ब्रिटनचा राजा किंवा राणी तिथे पहिल्यांदाच जात होती, मधे केवढं रक्त सांडलेलं, आणि ही बाई विमानातून उतरते ती हिरव्या कोटात. रात्री डब्लिन कॅसलच्या जेवणाला जो गाऊन, त्यावर हाताने शिवलेली २,००० हून जास्त शॅमरॉकची (आयर्लंडचं चिन्ह असलेली तिपानी) पानं आणि आयरिश वीणेचा ब्रोच. भाषण तर झालंच, पण हिरवा कोट त्याच्या आधी बोलून गेला होता. तिच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या गाऊनवर कॉमनवेल्थ देशांची चिन्हं भरलेली होती, भारताचं कमळसुद्धा, म्हणजे हे काही आजचं नाही.

एलिझाबेथच्या आईचं, म्हणजे तिच्या आधीच्या राणीचं, तर त्याहून भारी. १९३८ मध्ये पॅरिसचा सरकारी दौरा तोंडावर, आणि या राणीची स्वतःची आई गेली. कपडे सगळे रंगीत शिवून तयार. काळं घालून पॅरिसला जावं तर युद्धाचे ढग जमलेले, मित्रदेशाला सुतकी चेहरा दाखवायचा का? हार्टनेलने सगळे कपडे पांढऱ्यात नव्याने करून दिले, कारण राण्यांच्या शोकाचा पांढरा हाही जुना रंग. शोकही पाळला आणि पॅरिसवाले खूश.

उलटही होतं. १७८३ मध्ये मारी आंत्वानेतचं साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यातलं पोर्ट्रेट प्रदर्शनात लागलं तर लोक म्हणाले राणी आतल्या कपड्यांवर बसलीये, शिवाय फ्रान्सचं रेशीम सोडून सुती कापड घालते म्हणजे विणकरांच्या पोटावर पाय. चित्र उतरवावं लागलं, त्याच चित्रकार बाईंनी रेशमी गाऊनमधलं दुसरं काढून दिलं. महाग घातलं तर उधळी, साधं घातलं तरी बोलणी.

तर कपड्यांवर बोलू या, बिनधास्त बोलू या. मी पानात घेत नाही ते दुसरंच, कोण किती बारीक झाली, कोण म्हातारी दिसते, पोट दिसतंय म्हणजे गुड न्यूज का. या वेळीही अशी पत्रं आली, फाडून टाकली. प्रिन्सेस युजेनीने २०१८ मध्ये लग्नाचा गाऊन पाठ उघडी ठेवून शिवून घेतला, डोक्यावर लग्नाची जाळीदार ओढणी, म्हणजे व्हेलही घेतला नाही, का तर लहानपणी पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं त्याचा व्रण दिसावा म्हणून. तिने स्वतः दाखवला म्हणून त्यावर बोलायचं. न दाखवलेल्यावर नाही.

आणि पुरुषांचं म्हणाल तर ते युनिफॉर्म आणि मेडल्स लावून मोकळे होतात, लिहिणार तरी काय!

प्रश्न: तुमची फेवरेट कोण? केट की लेटिझिया? खरं खरं सांगा.

दोघी नाहीत! डेन्मार्कची मार्गरेथ. १४ जानेवारी २०२४ ला बरोब्बर बावन्न वर्षांनी मुलाला गादी देऊन मोकळी झाली ती. कोपनहेगनच्या टिव्होलीमधल्या बॅलेसाठी सेट आणि कॉस्च्युम स्वतः डिझाइन करते, मनाला येईल ते रंग घालते, आणि तिचा एक जुना रेनकोट आहे, टेबलावर अंथरायच्या मेणकापडाचा, मोठ्ठाल्या भडक फुलांचा. राणीने टेबलक्लॉथचा रेनकोट शिवून घेतला आणि वर्षानुवर्षं वापरला! सून मेरी दिसते तिच्यापेक्षा शंभर पटीने नीटनेटकी, सगळं मापात, सगळं मॅचिंग, पण मला तो मेणकापडाचा रेनकोटच हवाय. कोणाला तसं कापड कुठे दिसलं तर कळवा, शिवणारी आहे माझ्या ओळखीची.