आरक्षण आपोआप उठत नाही: कलम १२७ची नोटीस आणि सुधारित विकास योजना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नगरपरिषदेच्या हद्दीतील बावीस गुंठे जमीन मंजूर विकास योजनेत, म्हणजे शहरातील जमिनींच्या वापराच्या आराखड्यात, खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. ही योजना एप्रिल २००७मध्ये अमलात आली. नगरपरिषदेने आजवर जमीन घेतली नाही, मोबदला दिला नाही आणि बांधकामाची परवानगीही दिली नाही. वाचकाच्या वडिलांनी जानेवारी २०१६मध्ये मुख्याधिकाऱ्यांना ‘जमीन संपादित करा, अन्यथा आरक्षण उठवा’ असे पत्र दिले. त्यावर नगरपरिषदेने मालकीचे कागद मागितले, ते दिले गेले नाहीत. वडील २०१९मध्ये वारले. वारसनोंद अजून झालेली नाही. आता सुधारित विकास योजनेचे प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झाले असून त्यातही तेच आरक्षण कायम आहे. दहा वर्षे उलटल्याने आरक्षण रद्द झालेच आहे असे धरून वाचकाने एका विकसकाशी बोलणी केली आहेत आणि विसार घ्यावा का, असे ते विचारतात.

अशा आशयाची पत्रे सातत्याने येतात आणि बहुतेकांत हाच गैरसमज असतो. आरक्षण म्हणजे काय, ते कोण टाकते, त्याविरुद्ध हरकत कशी घ्यायची, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून मी थेट त्या एका मुद्द्याकडे येतो ज्यावर आपल्या जमिनीचे पुढचे सारे अवलंबून आहे. सुधारित विकास योजना अमलात येण्याच्या तारखेपूर्वी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम १२७खालील कायदेशीर नोटीस नगरपरिषदेवर बजावली गेली आहे काय? आपल्या कागदांवरून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ‘होय’ करण्यासाठी आपल्याकडे थोडाच अवधी उरला आहे.

कलम १२७ दहा वर्षांनंतर आरक्षण संपते असे म्हणत नाही. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन कराराने घेतली गेली नाही, किंवा कलम १२६खालील भूसंपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली नाही, तर मालकाला किंवा जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला नोटीस देण्याचा हक्क मिळतो, एवढेच ते कलम सांगते. नोटीस बजावल्यापासून ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने कायद्याला अपेक्षित पाऊल पडले नाही, तरच आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे आपोआप संपल्याचे, मानले जाते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, पुढे बारा महिने झाली आणि २०१५च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. दहा वर्षे हा पात्रतेचा काळ आहे. नोटीस दिल्याशिवाय त्यानंतर वीस वर्षे गेली तरी कायद्याच्या दृष्टीने काहीही घडत नाही.

आता वडिलांचे पत्र पाहू. योजना एप्रिल २००७मध्ये अमलात आली असेल, तर दहा वर्षे एप्रिल २०१७मध्ये पूर्ण झाली. जानेवारी २०१६चे पत्र त्याआधी सुमारे सव्वा वर्ष दिलेले आहे, म्हणजेच नोटीस देण्याचा हक्क निर्माण होण्यापूर्वीचे आहे, आणि अशा मुदतपूर्व नोटिशीवर आरक्षण व्यपगत झाल्याचा दावा उभा करता येईल असे मला वाटत नाही. शिवाय मालकी किंवा हितसंबंध दाखवणारे कागद नोटिशीसोबत जोडले पाहिजेत, असे कलम १२७चा आजचा मजकूर स्पष्ट सांगतो. आपल्या पत्रासोबत सातबाराही नव्हता. नगरपरिषदेने कागद मागितल्यावर तरी ते द्यायला हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या हकीमवाडी रहिवाशांच्या प्रकरणात, मालकीची चौकशी करणारे पत्र पाठवून प्राधिकरणाला आपली मुदत लांबवता येत नाही, असे म्हटले होते खरे. पण तिथे मुळात दहा वर्षे झाल्यानंतर दिलेली नोटीस होती, आणि कागद जोडण्याची आजची अट त्या वेळच्या मजकुरात नव्हती. त्या निर्णयाचा आधार आपल्या पत्राला देता येणार नाही.

एप्रिल २०१७नंतरच्या इतक्या वर्षांत एक पानी, नीट लिहिलेली नोटीस का दिली गेली नाही, हे मला समजत नाही. या काळात आपण नगराध्यक्षांना, नगरसेवकांना आणि आमदारांना अर्ज दिल्याचे कळवले आहे. त्यांपैकी एकही अर्ज कलम १२७ची मुदत सुरू करत नाही. २०१८ साली नोटीस गेली असती तर २०२०मध्ये चोवीस महिने पूर्ण झाले असते आणि आज आपण जमीन मोकळी झाल्याची अधिसूचना मागत असता.

घाई करायला मी का सांगतो, ते आता पाहा. कलम ३८नुसार विकास योजना अमलात आल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा सुधारित करावी लागते, आणि आपल्या नगरपरिषदेची ही प्रक्रिया आता प्रारूपापर्यंत आली आहे. सुधारित योजना शासनाने मंजूर करून ती अमलात आली की तीच ‘अंतिम विकास योजना’ ठरते. जुन्या योजनेच्या काळात मालकाने नोटीस दिलीच नसेल आणि सुधारित योजनेत आरक्षण पुन्हा आले असेल, तर दहा वर्षे सुधारित योजनेच्या तारखेपासून नव्याने मोजायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. याचा अर्थ, आपली जुनी जवळपास दोन दशके कोऱ्या पाटीसारखी पुसली जातील आणि त्यानंतर आणखी दहा वर्षे व वर चोवीस महिने थांबावे लागेल. गुजरातच्या कायद्याखालील भावनगर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला होता आणि योजना सुधारली म्हणून मालकाला मिळालेला हक्क हिरावला जात नाही असे म्हटले होते. परंतु तिथे मालकांनी नोटीस दिलेली होती, हा फरक निर्णायक आहे.

म्हणून सुधारित योजनेच्या आधी नोटीस बजावणे हे आपले पहिले काम आहे. चोवीस महिने पूर्ण होण्याआधीच सुधारित योजना अमलात आली तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. वेळेवर दिलेल्या नोटिशीने निर्माण झालेला हक्क नंतरच्या सुधारणेने बुडत नाही, अशी भूमिका मी न्यायालयात ठामपणे मांडेन आणि तिला आधार आहे असे मानतो. मात्र नगरपरिषद तिला विरोध करेल आणि निकाल काय लागेल याची हमी मी देत नाही. नोटीसच नसेल, तर मांडायला काहीच उरत नाही.

नोटिशीचा मजकूर साधा ठेवावा, पण कलम १२७चा स्पष्ट उल्लेख करावा. योजना कोणत्या तारखेला अमलात आली हे अचूक लिहावे. ही तारीख मंजुरीच्या अधिसूचनेची नसते. अधिसूचना राजपत्रात आल्यानंतर किमान एक महिन्याने येणारी तारीख शासन त्यात ठरवून देते आणि दहा वर्षे तिथून मोजली जातात. अनेक शहरांच्या योजना भागाभागाने मंजूर झाल्या आहेत. प्रथम मंजुरीतून वगळलेल्या भागाला नंतर स्वतंत्र अधिसूचनेने मंजुरी मिळते. आपला सर्व्हे नंबर अशा वगळलेल्या भागात असेल तर एप्रिल २००७ ही तारीखच चुकेल आणि पुन्हा मुदतपूर्व नोटिशीचा दोष येईल. नगरपरिषदेतील कारकुनाने तोंडी सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. अधिसूचनेची प्रत, आरक्षणाचा भाग नकाशा आणि झोन दाखला रीतसर अर्ज करून घ्या, आणि या जमिनीबाबत कलम १२६खाली कधी प्रस्ताव गेला होता काय किंवा घोषणा झाली होती काय, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. घोषणा खरोखर झालेली असेल तर माझा हा सल्ला बदलावा लागेल.

वारसनोंदीसाठी नोटीस थांबवू नका. फेरफाराने, म्हणजे सातबारावरील नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी निर्माण होत नाही. वडिलांच्या नावाचा सातबारा, त्यांचा मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि वारसनोंदीच्या अर्जाची पोच जोडून नोटीस देता येईल. बहिणींची नावे वगळण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्यांचा हिस्सा कायद्याने आपल्याइतकाच आहे आणि त्यांच्या सह्या नसलेली नोटीस म्हणजे नगरपरिषदेच्या वकिलाच्या हाती दिलेला आयता मुद्दा आहे. नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या नावे नोंदणी व पोचपावतीच्या सुविधेसह स्पीड पोस्टने पाठवा आणि एक प्रत समक्ष देऊन आवक शिक्का घ्या. आरक्षणांच्या तक्त्यात समुचित प्राधिकरण (ज्याने जमीन संपादित करायची ती संस्था) म्हणून नगरपरिषदेखेरीज दुसऱ्या एखाद्या खात्याचे नाव असेल तर त्यालाही स्वतंत्रपणे बजावा.

प्रारूपावर जाहीर केलेल्या मुदतीत हरकतही जरूर द्या आणि सुनावणीला हजर राहा. आरक्षण तिथेच वगळले गेले तर पुढचा सारा त्रास वाचेल, पण तसे होईलच असे धरू नका. हरकत ही नोटिशीला पर्याय नाही.

चोवीस महिन्यांत नगरपरिषद काय करील याचा अंदाज बांधता येतो. सर्वसाधारण सभेत ठराव होईल, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जाईल, कदाचित मोजणीसाठी पत्र येईल, आणि मग निधी नाही म्हणून सारे थांबेल. एवढ्याने आरक्षण वाचत नाही. गिरनार ट्रेडर्सच्या २००७च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसता ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, कलम १२६खालील घोषणा राजपत्रात यावी लागते. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३मध्ये हीच भूमिका पुन्हा मान्य झाली. म्हणून त्या काळात पत्रव्यवहारापेक्षा राजपत्रावर लक्ष ठेवा.

मोबदल्याविषयी आपली अपेक्षा मात्र मर्यादित ठेवा. नगरपरिषदेने मुदतीत घोषणा केली तर जमीन जाईल आणि २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या निकषांनी मोबदला मिळेल, ज्यात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम असते. घोषणा केली नाही तर जमीन सुटेल. पण ‘जमीन घ्याच आणि पैसे द्याच’ असा आदेश मिळवण्याच्या मागे लागू नका. कोल्हापूर महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये असा संपादनाचा आदेश देणे चुकीचे ठरवले आहे. हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारे, दुसऱ्याला विकता येणारे बांधकामाचे हक्क) घेण्याचा मार्गही खुला आहे, परंतु लहान शहरात त्याला गिऱ्हाईक आहे का हे आधी तपासा, कारण जमीन एकदा सुपूर्द केली की परतीची वाट नसते. आणखी एक गोष्ट: आरक्षण व्यपगत झाल्यावर जमीन लगतच्या जमिनीला योजनेत जो वापर अनुज्ञेय आहे त्यासाठी मोकळी होते. लगत निवासी विभाग असेल तर उत्तम. हरित किंवा शेती विभाग असेल तर विकसकाला अपेक्षित असलेले बांधकाम तिथे होणार नाही. झोन दाखला मागायला सांगितला तो यासाठीही.

मुदत संपल्यावर व्यपगत झाल्याचा आदेश शासनाने राजपत्रात प्रसिद्ध करायचा असतो. आरक्षण संपते ते कायद्याने, आदेश ही त्याची नोंद असते. तरीही त्या नोंदीशिवाय नगररचना कार्यालय बांधकाम नकाशा पुढे सरकवत नाही आणि फाईल मंत्रालयात पडून राहते, हा नित्याचा अनुभव आहे. त्या वेळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल. दिवाणी न्यायालयात दावा लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो मानू नका. कलम १४९मुळे तिथे अधिकारितेचाच वाद वर्षानुवर्षे चालेल. याचिकेलाही वेळ लागतो आणि तो किती लागेल हे मी सांगू शकत नाही. ज्या याचिकेत कायद्याच्या एका साध्या मुदतीखेरीज काही ठरवायचे नाही, ती वर्षानुवर्षे सुनावणीच्या फलकावर येत राहते आणि तोवर मालक म्हातारा होतो, ही स्थिती मला अस्वस्थ करते. २०२२च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाला मुद्दाम सांगावे लागले की कायद्याने ठरवलेली ही मुदत पाळलीच पाहिजे, आणि ती संपल्यावर प्राधिकरणाला संपादनासाठी आणखी एक वर्ष देण्याचा उच्च न्यायालयाचा निर्देश त्याने रद्द केला. मालकाने आपल्या बाजूने मुदत पाळली असेल तर हा निर्णय त्याच्या उपयोगी पडतो.

आता विसाराचा प्रश्न. आज जमीन आरक्षित आहे, आरक्षण उठल्याचे आपण कोणालाही सांगू शकत नाही, आणि तसे लिहून दिलेले साठेखत उद्या आपल्यावरच फसवणुकीची तक्रार घेऊन उलटू शकते. विकसकाला खरोखर थांबायचे असेल तर आरक्षणाची वस्तुस्थिती, नोटिशीची तारीख आणि आरक्षण न उठल्यास रक्कम परत करण्याची अट स्पष्ट लिहिलेला करार सर्व वारसांच्या सह्यांनी, वकिलाकडून तपासून करता येईल. मात्र त्याला कुलमुखत्यारपत्र आत्ताच देऊ नका. तसा करार होईपर्यंत विसार घेऊ नये. अधिसूचनेच्या प्रतीसाठी अर्ज याच आठवड्यात करा, आणि तारीख पक्की झाली की त्याच दिवशी नोटीस रवाना करा.