साथीला कोण आहे?

प्रश्न: मुलाने मला निक ड्रेक या इंग्रज गायकाचा ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ हा १९६९चा अल्बम ऐकवला. शब्द, चाल, आवाज आणि गिटार हे सारे एकाच तरुणाचे आहे, असे तो सांगतो. परंतु मागे व्हायोलिनांचा मेळ ऐकू येतो, घुमणारा बास आहे, एका-दोन गाण्यांत हाताने वाजवलेले तालवाद्यही आहे. मोबाइलवर मात्र गायकाचे एकच नाव दिसते. हे वादक कोण, आणि विशीतल्या नवख्या मुलाला ते कसे लाभले? शिवाय ‘रिव्हर मॅन’ या गाण्याला टाळी धरू लागलो की मी दर वेळी चुकतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर: पुण्यातला श्रोता मैफलीला निघताना ‘साथीला कोण आहे?’ हे विचारतोच, आणि ध्वनिमुद्रण ऐकतानाही आपण तोच प्रश्न विचारलात, याचे मनापासून समाधान वाटले. या अल्बमला इंग्लंडमध्ये ‘फोक’ म्हणतात. पण ती परंपरेने चालत आलेली लोकगीते नव्हेत. एका व्यक्तीने लिहिलेली आणि हळुवार गायलेली ही गाणी आपल्या भावगीताला अधिक जवळची आहेत. फरक इतकाच, की भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक बहुधा तीन निरनिराळ्या व्यक्ती असतात आणि येथे तिन्ही भूमिका एकाकडेच आहेत. स्वतंत्र उरतो तो संगीत संयोजक, म्हणजे तयार चालीभोवती वाद्यमेळ बांधणारा. आपल्याकडे अनिल मोहिले यांनी ज्या कामात नाव मिळवले तेच हे काम, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे.

ड्रेकचा जन्म १९४८ साली रंगूनमध्ये झाला, बालपण इंग्लंडच्या एका खेड्यात गेले आणि केंब्रिजला तो इंग्रजी साहित्य शिकत होता. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वाद्यवृंदाचे बासवादक अॅशली हचिंग्स यांनी त्याला एका कार्यक्रमात ऐकले आणि निर्माते जो बॉइड यांच्याकडे त्याचे नाव सुचवले. बॉइड यांच्यामुळे लंडनच्या चेल्सी भागातला साउंड टेक्निक्स हा स्टुडिओ, तेथील ध्वनिमुद्रक जॉन वुड आणि त्या वर्तुळातले उत्तम वादक त्याला एकदम मिळाले. ‘टाइम हॅज टोल्ड मी’मधील इलेक्ट्रिक गिटार फेअरपोर्टच्याच रिचर्ड थॉम्पसन यांची आहे आणि पियानो पॉल हॅरिस यांचा. आपण ज्याला घुमणारा बास म्हणता तो डबल बास होय. तो पेंटँगल या वाद्यवृंदाच्या डॅनी थॉम्पसन यांनी वाजवला आहे (दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नाही). हाताने वाजवलेले तालवाद्य म्हणजे कॉंगा. ‘थ्री अवर्स’ आणि ‘सेलो साँग’मध्ये ते रॉकी जिजोर्नू या मूळच्या घानाच्या वादकाने वाजवले आहे. ‘थ्री अवर्स’ एकदा केवळ बास आणि कॉंगा यांच्यासाठी ऐकावे. दोघेही गिटारच्या मागे न राहता तिच्याशी बरोबरीने बोलतात, आणि तरी गायकाचा आवाज कोठे झाकला जात नाही.

व्हायोलिनांची हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. बॉइड यांनी प्रथम एका अनुभवी, व्यावसायिक संयोजकाला बोलावले होते. त्यांचे काम ऐकल्यावर, एरवी चार शब्दही कष्टाने बोलणाऱ्या या मुलाने ते आपल्या गाण्यांना साजत नाही असे सांगितले आणि केंब्रिजमधला आपला मित्र रॉबर्ट कर्बी हे काम करील असे सुचवले. कर्बी तेव्हा विद्यार्थी होता आणि अशा कामाचा त्याला काहीच अनुभव नव्हता. निर्मात्याने तरीही त्याला संधी दिली, आणि ‘वे टू ब्लू’, ‘डे इज डन’, ‘द थॉट्स ऑफ मेरी जेन’ व ‘फ्रूट ट्री’ या चार गाण्यांचे संयोजन त्याने केले. ‘वे टू ब्लू’मध्ये तर गिटार मुळीच नाही, ज्याची ओळखच गिटार होती त्याने ती बाजूला ठेवून केवळ मित्राने लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या आधारावर गावे, यात त्या मित्रावरचा विश्वास स्पष्ट ऐकू येतो. अल्बमचा स्वभाव या चार गाण्यांनी ठरवला, असे माझे मत आहे.

‘रिव्हर मॅन’ मात्र कर्बीला आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले. त्याचे संयोजन चित्रपटांना संगीत देणाऱ्या हॅरी रॉबिन्सन यांनी केले. आपली टाळी का चुकते, याचे कारण सोपे आहे: आपण चार मात्रा मोजत असाल आणि गाणे पाच मात्रांचे आहे. झपतालाच्या दहा मात्रांचे अर्धे आवर्तन मनात धरून पाहावे. ठेका झपतालाचा नाही, मोजणीपुरता आधार म्हणून हे सांगतो. आवाजाच्या मागे न जाता गिटारच्या मागे जावे, कारण ती पाचांचे वर्तुळ ढळू न देता फिरवत राहते आणि गाणे त्यावर सैल सोडलेले आहे.

एक गोष्ट वादकांविषयी नाही, तरी सांगतो. ड्रेक अनेक गाण्यांसाठी गिटारच्या तारा रूढ स्वरांऐवजी वेगळ्या स्वरांत लावत असे. रागात पंचम नसेल तर तानपुऱ्याची पहिली तार आपण मध्यमात लावतो आणि तेवढ्याने सारे वातावरण पालटते. मोकळ्या तारांचा तसाच परिणाम येथे होतो. कर्बीने बांधलेला व्हायोलिनांचा मेळ त्या गुंजनाला धक्का लावत नाही, हे त्याचे मोठे कौशल्य.

प्रश्न: याच गायकाच्या ‘पिंक मून’ या १९७२च्या अल्बममध्ये म्हणे एकही साथीदार नाही. तो आधी ऐकावा काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: आधी नको. आधीचे दोन्ही अल्बम, ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ आणि ‘ब्रायटर लेटर’, त्यांच्या वादकांसह कानात मुरू द्यावेत, म्हणजे तेथील रिकामी जागा नेमकी कशाची आहे हे कळते. ऑक्टोबर १९७१मध्ये दोन रात्रींत, जॉन वुड यांच्याखेरीज कोणालाही बरोबर न घेता, ड्रेकने तो ध्वनिमुद्रित केला. सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. गिटारशिवाय दुसरे वाद्य एकाच ठिकाणी येते: शीर्षकगीतात थोडा वेळ पियानो वाजतो, आणि तोही त्यानेच वाजवलेला आहे.