रक्तसाक्षी म्हणजे हुतात्माच का?

ठाण्यातल्या चरईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मैत्रिणीबरोबर तलावपाळीच्या चर्चमध्ये गेल्या असताना त्यांनी प्रवचनात ‘रक्तसाक्षी’ हा शब्द ऐकला. लेकीच्या शाळेच्या ठाणे शहरावरच्या प्रकल्पात त्याऐवजी ‘हुतात्मा’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘अग्निसाक्षीने लग्न’ म्हणताना अग्नी साक्षीला असतो, तसं इथे रक्त साक्षीला असतं का?

ताई, समासाचं आधी सांगतो. इथे साक्षी माणूसच आहे. श्रद्धेसाठी स्वतःचं रक्त सांडून साक्ष देणारा तो रक्तसाक्षी. पाणिनीने साक्षी म्हणजे ‘साक्षात् पाहणारा’ असं सांगितलंय, आणि तो अर्थ इथे नेमका बसतो. बायबलच्या नव्या करारात ग्रीक ‘मार्तिस’ हा शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ निव्वळ साक्षीदार. त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येशू शिष्यांना ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ म्हणतो, तिथे मरणाचा उल्लेखही नाही. बाविसाव्या अध्यायात प्रेषित पौल दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला तोच शब्द लावतो आणि साक्षीला रक्त चिकटतं. आपल्या ‘शहीद’चंही तसंच आहे, अरबी धातू साक्ष देण्याचाच.

‘हुतात्मा’चा धातू मात्र हवनाचा. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो, तो मान त्यांचाच. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पापांसाठीचा यज्ञ एकदाच झाला, येशूचा, वधस्तंभावर. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस’ या पत्रात हे ‘एकदाच’ पुन्हा पुन्हा येतं. अनुयायाने सोसलेलं दुःख त्या यज्ञात राहिलेली उणीव भरून काढत नाही, तो यज्ञ खरा असल्याची ग्वाही देतं. म्हणून मुद्दाम मरण ओढवून घेण्याला आद्य चर्चमधल्या अनेक शिक्षकांनी विरोध केला. पौल रोमकरांना ‘जिवंत यज्ञ’ व्हा म्हणतो, तेही जगण्याबद्दल. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, आणि ‘हुतात्मा’ लिहिलं की नेमका तोच पुसला जातो.

याचा सगळ्यात जवळचा दाखला आपल्या गावातच आहे. एप्रिल १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातले) संन्यासी ठाण्यात एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. पुढे त्यांच्या अस्थी चीनला नेणाऱ्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने हकीकत लिहून ठेवलीय. घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बाई काजीकडे गेली. काजीने विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, घरात चार पाहुणे होते. म्हणजे या माणसांचं नाव काजीपुढे निघालं ते घरगुती मारहाणीचे साक्षीदार म्हणून! पीटर सामान राखायला घरी थांबला, तिघे गेले. तिथे विषय धर्मावर गेला, त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, आणि आधी तिघांना, मग पीटरलाही मारलं. जेम्सला आगीत टाकलं तरी तो भाजला नाही, असंही ओदोरिक सांगतो.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर गेले, त्यांनाही हाच शब्द.

चालवायचा असा: तो रक्तसाक्षी, ती रक्तसाक्षी, अनेकवचनही रक्तसाक्षीच; रक्तसाक्षीने, रक्तसाक्षींनी. तेव्हा लेकीच्या मथळ्यात ‘ठाण्याचे चार रक्तसाक्षी’ असंच असू द्या.