कमी खर्चात ख्रिसमस ट्रीची घरगुती, तरीही देखणी सजावट कशी करावी?

कोल्हापुरात राहून ख्रिसमस ट्री स्वस्तात, पण भडक न दिसेल अशी कशी सजवावी, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते देखणेपण किमतीपेक्षा रंगांच्या संयमावर अवलंबून असते, म्हणून पांढरा आणि सोनेरी हे दोनच रंग ठरवावेत.

झाडावर टांगायच्या चकत्या घरीच करण्यासाठी दोन वाट्या मैदा व एक वाटी बारीक मीठ एकत्र करून, त्यात बेताबेताने सुमारे एक वाटी पाणी घालत घट्ट गोळा मळावा, पाव इंच जाडीची पोळी लाटून झाकणाने गोल चकत्या कापाव्यात आणि दोऱ्यासाठीचे भोक त्या ओल्या असतानाच पाडावे. याच वेळी खोट्या कोल्हापुरी साजाचे एखादे पान चकतीवर हलकेच दाबले, तर नक्षी सुरेख उमटते. चकत्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजाव्यात किंवा गच्चीवर उन्हात उलटसुलट करत खडखडीत वाळवाव्यात. आत ओल राहिली, तर बुरशी धरते. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने सोनेरी रंग फिरवल्यास तो फक्त उंचवट्यांवर बसतो आणि दाबलेली नक्षी पांढरी राहते.

टांगण्यासाठी प्लॅस्टिकच्या रिबिनीऐवजी जुन्या साडीच्या जरीकाठाच्या अरुंद पट्ट्या वापराव्यात. मोठ्या चकत्या खाली व लहान वर लावाव्यात.